तीस अंश उजवीकडे

यंदा अधिक महिना आहे, हे परवा दिनदर्शिका उलटताना कळलं आणि मी ते पान घाईनं पुन्हा पालटून टाकलं. अधिक महिना म्हटला की लोकांना जावई आठवतो, अनारसे आठवतात, ताटातलं वाण आठवतं. मला एक लाट आठवते. शाईनं काढलेली, गोलाईदार, कुठंही हात न थरथरता उतरलेली; बघणाऱ्यानं वाहवा म्हणावं अशी. तिच्यात दोष एवढाच होता की ती जिथं असायला हवी होती तिथं नव्हती.

पुढे जन्मभर मी धुळ्याला शाळेत गणित शिकवलं. फळ्यावर साइनचा आलेख मी एका दमात काढत असे, आणि पोरं आपापसांत म्हणत, मास्तर हे आईच्या पोटातूनच शिकून आलेत. पण लाट सुरू करण्याआधी मास्तर खडू हातात धरून क्षणभर खिडकीबाहेर का बघतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं. एखादा टांगा, पांझरा नदीकडून येणारी धूळ. मी फक्त मनातल्या मनात विचारून घेत असे: डावीकडेच ना? नक्की डावीकडे?

तो उन्हाळा लढाईच्या शेवटाशेवटाचा. साखर कंट्रोलची, रॉकेल कंट्रोलचं, कागदाचं तर नावच काढू नये. आदल्या वर्षी नाशिकच्या कॉलेजात मी इंटर सायन्सला बसलो होतो आणि गणितात सपशेल आपटलो होतो. आमची शेती भडगावच्या अलीकडे, गिरणा नदीच्या काठी. घरी अभ्यास होत नाही असं मी जाहीर केलं, आणि परीक्षेपर्यंत जळगावला मामांकडे राहून नेने मास्तरांची शिकवणी लावली. घरी अभ्यास होत नाही हे खरंच होतं. तो जळगावलाही होत नव्हता, पण ते जाहीर करण्याची सोय नव्हती.

जळगावची कापसातली सरकी काढणारी जिनं अजून धडधडत होती. हंगाम सरत आला होता, तरी कापसाचे तंतू गल्लीबोळांतून तरंगत असायचे. माडीच्या खिडकीत बसून मी लाट काढायचो, आणि शाई वाळायच्या आत एखादा तंतू अलगद येऊन तिच्यावर बसायचा. माझ्या लाटांना मिशा फुटायच्या. ग्राफपेपर तर बाजारातून परागंदाच झालेला. शेवटी मी मामींच्या रांगोळीवर डोळा ठेवला. त्या रोज अंगणात ठिपके मांडत. एकदा म्हटलं, "मामी, ठिपके तेवढे राहू द्या, रेघा जोडू नका."

ठिपक्यांवर मी साइन काढला. मामी पदर खोचून बघत राहिल्या.

"हे काय, साप?"

"साइन आहे, मामी."

"असू दे काहीही. पण दारात नको काढू रे बाबा. शेजारी नवी सून यायचीय, उंबऱ्यावरूनच परत जायची."

नेने मास्तर कोकणातून नोकरीसाठी जळगावला आलेले. खानदेशचं ऊन आणि माझं डोकं, या दोन गोष्टी त्यांना शेवटपर्यंत सोसवल्या नाहीत. भिजवलेला पंचा मानेवर टाकून ते शिकवायला बसत.

"साइन शून्यापासून निघतो. चढतो, टोकाला जातो, उतरतो, शून्याच्या खाली बुडतो, पुन्हा शून्यावर येतो. तुझ्या प्रगतीसारखाच आहे. फरक इतकाच, की तो परत वर येतो."

"आणि कोसाइन?"

"तोच की रे! फक्त पहाटे उठलेला. साइन डोळे चोळत असतो तेव्हा कोसाइन टोकावर जाऊन बसलेला असतो. नव्वद अंशांचा काय तो फरक."

इथपर्यंत मला समजत होतं. लाट समोर होती, तिला हात-पाय होते, स्वभाव होता. खरा छळ सुरू झाला तो लाटेचं स्थलांतर करायला लागल्यावर. साइनच्या आधी दोन लिहिले की लाट दुप्पट उंच होते. ठीक. सगळ्याच्या शेवटी एक मिळवला की अख्खी लाट एक घर वर सरकते. हेही ठीक. पण कंसात शिरून एक्सला दोननं गुणलं, की लाट दुप्पट लांब व्हायच्या ऐवजी निम्मी होते. रेशनच्या रांगेत बायका उभ्या राहाव्यात तशा लाटा दाटीवाटीनं उभ्या राहतात. आणि कंसात तीस अंश मिळवले, की लाट पुढे जायच्या ऐवजी मागे येते. डावीकडे.

"बाहेर लिहिलेलं जे बोलतं तेच करतं," मास्तर म्हणाले, "कंसातलं बोलतं एक, करतं दुसरं."

"पण का, मास्तर?"

"शर्यतीत एखाद्याला तीस पावलं पुढं उभा केला तर तो शेवटाला आधी पोचेल की नंतर?"

"आधी."

"मग लाटेला तीस अंश आधीच देऊन ठेवले, तर तिची चढण, तिचं टोक, सगळं आधी येणार. आधी म्हणजे डावीकडे. झालं."

झालं, असं ते म्हणाले. माझ्या बाजूला काही झालं नव्हतं. मी मान डोलवली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून पहिल्या वर्गाचा.

कारण माझ्या डोक्यात त्या दिवसांत दुसरंच चक्र फिरत होतं. वर्ष एकच असतं, पण त्याचा आरंभ माणसागणिक वेगळा. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उघडतं, शाळेचं जूनमध्ये, साहेबाचं जानेवारीत, पेरणाऱ्याचं मृगावर. आणि आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं वर्ष आखाजीला, अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. त्या दिवशी जुनं साल संपतं, मालक आणि गडी नवा शब्द देतात-घेतात. धान्य, धोतरजोडा, घोंगडी, वहाणा, सगळं ठरतं. आणि एकदा शब्द झाला की तो पुढल्या आखाजीपर्यंत मोडत नाही. ना मालक मोडत, ना गडी. वर्षाची चढउतार सगळ्यांना सारखीच, फक्त जो तो आपापल्या जागी उभा राहून मोजायला लागतो. साइन आणि कोसाइनचं नातं नेने मास्तरांच्या आधी मला गावानंच शिकवलं होतं. घोळ झाला तो तिथंच.

होळीला मी घरी गेलो होतो. परत निघताना आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्याशी उभे होते. जवळच आमचा सालदार बुधा नाडा वळत बसलेला. आबांनी त्याच्यासमोरच मला अहिराणीत सुनावलं; आमच्याकडे ‘व्हयना’ म्हणजे झाला.

"रघू, आइक. यंदा पास व्हयना ते खुशाल कॉलेजले जाय. पन नापास व्हयना ते मी सालदार ठेवाव नही. आखाजीपाईन मोट तूच हाक, वखर बी तूच हाक. बुधा, तू बी ध्यानमा ठेव. मंग तुले दुसरी जागा देखनी पडी."

बुधाचा वळता हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी जळगावच्या वाटेला लागलो तेव्हा तो मारुतीच्या देवळापर्यंत माझी पिशवी घेऊन आला, आणि देवापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "बाप्पा, भाऊले पास कर. भाऊ पास व्हयना ते मी ऱ्हास." माझ्या पास होण्यासाठी इतक्या कळकळीनं कुणी देवाला साकडं घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. मला अभिमान वाटायला हवा होता. त्या ऐवजी मानेवर कुणीतरी जू ठेवल्यासारखं वाटलं.

जळगावला आलो आणि मामांच्या भिंतीवरचं पंचांग पाहिलं. त्या साली अधिक चैत्र होता! म्हणजे आखाजी तब्बल एक महिना पुढे गेलेली. मी बोटानं महिने मोजले, पुन्हा मोजले, आणि मला असा काही हुरूप आला की त्या दिवशी मी आमरसाशिवायही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. फाशीचा दिवस महिनाभर लांबलेल्या कैद्याला जे वाटत असेल ते मला वाटत होतं. आणि त्या आनंदातच ते गणित माझ्या मनात जाऊन पक्कं बसलं. वर्ष म्हणजे पूर्ण फेरा, तीनशे साठ अंशांचा. महिने बारा. एका महिन्याचे अंश तीस. आता फेऱ्यात एक महिना मिळवा: आखाजी तीस अंश पुढे जाते. पुढे म्हणजे उजवीकडे. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, बोट ठेवून पाहिलं होतं, आणि ते माझ्या फायद्याचं होतं. नेने मास्तरांची शर्यत त्याच्यापुढं कुठं टिकणार?

आज कळतं, की अधिक महिन्यानं ऋतू तसूभरही हलत नाही. निंबाला मोहोर यायचा तेव्हाच येतो, गिरणा आटायची तेव्हाच आटते. आपण फक्त त्यांच्याखालची नावांची पट्टी सरकवतो. लाट जागेवर असते, मोजणारा सरकतो. पण माणसाला हे कळतं ते पेन्शन सुरू झाल्यावर. तेव्हा आलेख कुणी विचारत नाही.

परीक्षेला नाशिकला गेलो. गणिताच्या दिवशी हॉलमध्ये इतकं उकडत होतं की टाक बोटांतून निसटत होता. आधीच्या प्रश्नांत मी कुठून कुठून विटा आणून रचल्या होत्या. भिंत उभी होती, पण टेकायला जाऊ नये अशी. आणि मग तो प्रश्न आला. आलेख काढा: वाय बरोबर दोन साइन, कंसात एक्स प्लस तीस अंश. सोबत खराखुरा ग्राफपेपर. किती दिवसांनी हाताला लागला होता! त्याच्या निळ्या चौकटींवरून मी बोट फिरवलं. इथं ना तंतू उडत येणार होता, ना मामी.

आलेख काढण्याआधी कोष्टक करायचं असतं. एक्सच्या चार किमती घ्यायच्या, वायच्या काढायच्या, ठिपके मांडायचे, मग रेघ. पण कोष्टक भित्री मुलं करतात, असं माझं मत होतं. ज्याला लाट कळली त्यानं ती उचलावी आणि नेऊन ठेवावी. मी दुप्पट उंच लाट उचलली, आणि मनात आखाजी आठवून ती तीस अंश उजवीकडे नेऊन ठेवली. इतकी देखणी उतरली, की वरून जाणारा पर्यवेक्षक क्षणभर थांबला. त्याला लाट आवडली असं मी धरून चाललो.

परतताना स्टेशनवर यावलचा एक मुलगा भेटला. तोही त्याच परीक्षेचा. बाकावर बसून शेंगा सोलत होता. मीच विषय काढला. माझ्या तोंडाला तेवढीच वाईट खोड.

"आलेखाचा प्रश्न सोपा होता, नाही?"

"हो. तू लाट कुठून सुरू केली?"

"तीसवरून. उजवीकडून."

त्यानं एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. "एक्स शून्य ठेव बरं."

"कशाला?"

"ठेव तर."

मी ठेवला. कंसात राहिले तीस. साइन तीस म्हणजे अर्धा. अर्ध्याची दुप्पट एक. म्हणजे शून्यापाशी लाट एक घर वर हवी. माझी लाट त्या जागी एक घर खाली होती. पाण्यात बुडालेल्या म्हशीसारखी. 

"शेंगा घे," तो म्हणाला. चांगला मुलगा होता. मी शेंगा घेतल्या आणि टरफलांसकट खाल्ल्या असाव्यात, कारण रात्रभर घसा खरवडत होता. गाडी आली, आम्ही बसलो. शेजारच्या रुळावर एक मालगाडी हलली आणि आपण पुढं चाललोय की मागं, हे मला बराच वेळ कळेना.

परीक्षा संपवून गावी घरी आलो, आणि तोच अधिक महिना माझ्या छातीवर बसला. जो मी देवाची कृपा म्हणून कवटाळला होता, त्याचा एकेक दिवस आता उकळत्या काहिलीतून बाहेर काढावा लागत होता. निकाल जूनमध्ये. आखाजी त्याआधी. आबा विचारणार, ते आखाजीला. आणि आबा तोवर काहीच विचारत नव्हते. हे विचारण्यापेक्षा वाईट. जेवताना कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मोडायचे, ठेच्याला बोट लावायचे, "ऊन कितलं पडी ऱ्हायनं," म्हणायचे. मी "हो, फार," म्हणायचो. एवढंच. 

गिरणेच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या पिकल्या होत्या. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छपरावर, आईनं फडकं पसरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातले होते, आणि कावळे हाकलायला इंटर सायन्सचा विद्यार्थी बसवला होता. दुपारी गल्लीत कुत्रंही नसायचं. निंबाच्या मोहोराचा तो कडवट गोड वास, आणि वाऱ्यानं फडक्यात उठणाऱ्या लाटा. मला जिकडे तिकडे साइनच दिसायला लागला होता. विळ्याच्या पात्यात, कौलांच्या ओळीत, अगदी रस्त्यावरसुद्धा. चालता बैल मुतत जातो तेव्हा धुळीत जी ओली नागमोडी रेघ उमटते, ती एकदा मी वाकून पाहत बसलो. काय बिनचूक लाट होती! सारखी उंची, सारखी लांबी. आणि बैलानंही कोष्टक केलं नव्हतं.

"भाऊ, काही पडनं का?" मागून बुधा आला होता.

"नाही. बघतोय."

बुधानं बैलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसांबद्दल त्याच्या मनात आदर होता, आणि काही शंकाही असाव्यात. तो मला बांधावर घेऊन गेला, धोतराच्या सोग्यानं पुसून एक डांगर कापलं.

"खा भाऊ. डोकं थंडं ऱ्हास." मग इकडे तिकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं, "पेपर कसा गया?"

"बरा गेला."

"बरा?"

"बरा."

त्यानं सुरी पुसली, कमरेला खोचली. पलीकडच्या शेतात कुणीतरी बैलांना हाक मारत होतं. आम्ही दोघं तिकडे पाहत डांगर खात राहिलो. ते गोड होतं की अळणी, मला आठवत नाही.

आखाजीसाठी अक्का सासरहून आली. ही माझी थोरली बहीण. तिच्यापुढे घरात कुणाचं काही चालत नसे. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. निंबाला झोके बांधतात, आणि पोरी त्यावर उभ्या राहून एकमेकींच्या सासरची, भावांची, बापांची उणीदुणी गाण्यात गुंफून आभाळापर्यंत पोचवतात. अक्का झोक्यावर होती आणि मी खाली उभा राहून झोक्याकडे बघत होतो. टोकाला गेला की क्षणभर थबकतो, मग वेग घेतो, मधून सूं करून जातो, दुसऱ्या टोकाला पुन्हा थबकतो.

"काय देखी ऱ्हायना तोंड वासीसन? झोका दे ना!"

"अक्का, टोकावर तू किंचित थांबतेस. तिथं वेग शून्य असतो."

"माय वो! हाऊ आते बहिनसंगे बी पुस्तकमा बोलस! तठे येग नही ऱ्हास, भो. तठे पोटमा गोळा येस."

मला एकदम भरून आलं. इतकं नेमकं त्या महिन्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. झोका थांबवून मी तिला सगळं सांगितलं. लाट कशी असते, ती कुठं ठेवायची होती, मी कुठं ठेवली.

अक्कानं पदरानं घाम पुसत विचार केला. "मंग इतलं काय? तपासनारा कागद उलटा धरीसन उजेडमा देखी. तव्हय डावं ते उजवं व्हई जाई."

मी हसलो. पण मग, खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्याच आशेवर काढले. कुणीतरी वयस्कर, चष्म्याचे परीक्षक माझा कागद खिडकीशी उलटा धरून मान डोलावताहेत, हे चित्र मी डोळ्यांपुढं इतक्यांदा आणलं की त्यांच्या मिशासुद्धा मला पाठ झाल्या. 

"पन आबाले खरं सांगजो," अक्का पुन्हा झोक्यावर चढत म्हणाली. "खोटं सांगशी आनि मंग नापास व्हशी, ते भरल्या सालमा आबा बुधाले काय सांगतीन? त्याना घरमा बी खानारी तोंडं शेत. त्याले आज काय ते समजू दे."

तेच तर. मी खरं बोललो तर बुधा आखाजीलाच जाणार. मी खोटं बोललो तर बुधा राहणार, आणि जूनमध्ये ते खोटं भर पेरणीत सगळ्यांच्या अंगावर पडणार. पहिल्यांदाच माझ्या नापास होण्यात माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी बुडत होतं. परीक्षेची भीती मला माहीत होती; ती पोटात असते. ही भीती वेगळी होती. ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसायची, आणि तो चेहरा रोज सकाळी "राम राम भाऊ" म्हणायचा.

आखाजीच्या दिवशी सकाळीच घागर पुजून झाली. घरभर आंब्याचा आणि तळलेल्या सांजोऱ्यांचा वास. आबा ओट्यावर बसले. शेजारी नव्या वहाणांचा जोड, तेल पाजलेला, करकरीत. बुधा खाली अंगणात, हातात टोपी घेऊन. मला बोलावणं आलं.

"बोल रघू. पास का नापास?"

"निकाल जूनमध्ये लागतो, आबा."

"निकाल लागी तव्हय लागी. सालदार आज ठेवना पडस. तुले काय वाटस?"

मी बुधाकडे न बघता बोललो. "नापास होईन, आबा. माझी लाट उजवीकडे गेली."

"कोनती लाट?"

मी उकिडवा बसलो आणि अंगणातल्या धुळीत बोटानं ती काढून दाखवली. आडवी रेघ, उभी रेघ, लाट. आबा ओट्यावरून वाकून बघत राहिले.

"चांगली काढेल शे की."

"चांगली आहे, आबा. पण जागा चुकली."

आबा हसले. मला वाटलं आता बसणार. पण त्यांनी वहाणांचा जोड उचलला आणि बुधापुढे धरला. "ले बुधा. तुनाच मापना शेत. होळीनंतरच चांभारले सांगेल व्हतं. हाऊ पास व्हवो का नापास, याना हातमा मी मोट देऊ का? विहीरबी जाई आनि बैलबी जातीन. याले जरा भेव दखाडा म्हनीसन बोलनू मी."

 महिनाभराचा सगळा जाळ, त्या डांगराची हरवलेली चव, हे सगळं एका भीती दाखवण्यापोटी! मी हसणार होतो. तेवढ्यात पाहिलं, बुधा वहाणा घ्यायला हात पुढे करत नव्हता.

"आबा, मी शब्द दिधा," तो म्हणाला. "नदीपल्याडना पाटीलले. कालदिन."

"काबरं?"

"भाऊना पेपर चांगला जास ते भाऊ येताबरोबर माले पेपरना कागद वाची दखाडतस. इंग्रजीमा. माले समजस नही, पन पुरा वाचतस. ह्या वख्ते म्हनतस, बरा गया. कागद खिसामाच ऱ्हायना. मी समजी गऊ."

 शब्द दिला म्हणजे दिला. आबांनाही ते बुधाइतकंच माहीत होतं. निंबावरचा झोका तेवढा करकरत होता. अक्कानं आतून पानात बांधून सांजोऱ्या आणल्या, बुधाच्या हातात दिल्या. तो आबांच्या पाया पडला. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, डावा बैलले मारू नका. नाव घीसन हाका, तो आइकस."

तो फाटकातून गेला तोवर दुपार चढली होती. गावातले सगळे गडी आपापल्या मालकांकडे लागून गेले होते. आबांनी वहाणांकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. जोड माझ्यापुढं सरकवला.

"घाल."

त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या.

मोट हाकणं म्हणजे काय हे मी लिहीत बसत नाही. पहिल्या दिवशी बैल उतरणीवरून पुढं गेले, मी मागं राहिलो आणि मोट विहिरीच्या काठावरच रिकामी झाली. पाटाला पाणी कमी आणि मला जास्त मिळालं. आबा बांधावर उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. हळूहळू जमत गेलं. बैल मागे घ्यायचे, मोट खाली जाते; पुढे हाकायचे, मोट वर येते. खाली, वर. संध्याकाळी डोळे मिटले तरी माझ्या आत काहीतरी खाली जाऊन वर येत राहायचं.

जूनमध्ये एका सकाळी बांधावरून मामा येताना दिसले. हातात पेढ्यांचा पुडा, आणि दुरूनच ओरडत होते. मी बैल थांबवले.

"पास! अरे, पास झालास!" जवळ येऊन ते धापा टाकत म्हणाले, "गणितात अगदी काठावर, पण पास! नेने मास्तर म्हणाले, परीक्षकानं जागेचे मार्क कापले असतील आणि आकाराचे दिले असतील."

आबा पलीकडून आले. त्यांनी पुडा सोडला, आणि माझे हात चिखलानं भरले होते म्हणून एक पेढा स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. नंतरही नाही.

"आता सामान बांधायला हवं," मामा म्हणाले. "बी.एस्सी.चं पुण्याचं कॉलेज उघडायला आलं."

"चांगलं व्हयनं, लई चांगलं व्हयनं," आबा म्हणाले. "पन पाव्हना, पेरनी तोंडवर शे. आते माले सालदार कोठे भेटी?"

"अहो, पण हा मुलगा आहे तुमचा! सालदार थोडाच आहे?"

"आखाजीले शब्द व्हयना ना पन. साल म्हंजे साल. पुढली आखाजी व्हवू द्या, मी सोता याले पुनाले सोडी ईसु."

मामांचा आवाज चढला, मग आबांचा. एक पुण्याचं बोलत होता, एक पेरणीचं. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघंही माझ्याकडे बोट दाखवत होते. मला पुष्कळ सांगायचं होतं. पेढा अजून जिभेवर होता. पण मालक पाहुण्यांशी बोलत असताना सालदारानं मधे तोंड घालायचं नसतं. मी बैल मागे घेतले आणि मोट विहिरीत सोडली.